गोळी चालू हाय

गौरी जाऊन आठवडा झाला तरी अपेक्षाची पाळी आली नाही, आणि तिचं मैदानावरचं सगळं गणित बिघडलं.

एरवी ती पेणच्या मैदानावर धावायची ती सेकंद मोजत. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिली दमानं, दुसरी जिवाच्या आकांतानं. त्या सकाळी मात्र ती तारखा मोजत होती. दोनला गौरी विसर्जन. तीनला सकाळी गोळी बंद. मेडिकलवाला म्हणाला होता, गोळी सोडलीत की दोन-चार दिवसांत येईल, फार तर आठवड्यात. आज दहा. दहातून तीन गेले, सात. झाला की आठवडा! दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा श्वास असा काही अडकला की ती चक्क चालायला लागली, आणि मागून येणारी ऋतुजा तिला ओलांडून गेली.

"काय गो, झालं काय तुला?" ऋतुजा पुढे जाऊन थांबली, कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पंधरा दिवस उरले नि तू वरातीत चालल्यासारखी चालतेस?"

"झोप नाय झाली," अपेक्षा म्हणाली. ते खोटं नव्हतं, पण खरंही तेवढंच नव्हतं.

पंधरा दिवस उरले होते ते पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला. पंचवीस सप्टेंबर, अलिबाग. मागच्या भरतीत अपेक्षा दोन मार्कांनी हुकली होती. दोन मार्क म्हणजे धावण्यातले काही सेकंद, दुसरं काय! तेव्हापासून ती ते सेकंद शोधत या मैदानावर फिरत होती. कोलाडच्या आतल्या बाजूला, भातशेती करणाऱ्या घरात वाढलेली पोरगी. पंचवीस वर्षांची झाली तरी खाकीचं वेड गेलं नाही. लग्न ठरताना तिनं गणेशला एकच अट घातली होती, भरती होईपर्यंत मूल नको. गणेश रोह्याला धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर होता. तो म्हणाला, "चालेल. मला कुठं घाई हाय?" तिच्या क्लाससाठी त्यानं पेणला खोली घेतली आणि स्वतः रोज गाडीनं रोह्याला ये-जा करायला लागला. एवढं करणारा नवरा मिळाला म्हणून मैत्रिणी जळायच्या. आणि आता हे असं.

तिची पाळी पहिल्यापासूनच लहरी. कधी पस्तीस दिवसांनी, कधी पन्नास, एकदा तर दोन महिने पत्ताच नाही. आई म्हणायची, लग्न झालं की होईल सरळ. लग्न झालं, काही सरळबिरळ झालं नाही. उलट धावणं वाढलं तशी पाळी जास्तच मनाला येईल तशी वागायला लागली. वर्षभर ती आणि गणेश कधी निरोधचं पाकीट वापरायचे, कधी वहिनीनं सांगितलेला हिशेब करायचे. पाळीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस भीती नाही म्हणे. काहीच घडलं नाही, तेव्हा अपेक्षाच्या मनानं घेतलं की ज्या बाईची पाळीच धड नाही तिला दिवस तरी कुठून जाणार?

आणि त्यात आला ओवसा. यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येणार होती, म्हणजे नव्या सुनेचा पहिला ओवसा यंदा. गौरीपुढे सुपं भरून ठेवायची, मग एकेक सूप घरातल्या थोरामोठ्यांच्या हातात देऊन पाया पडायचं. दोन वर्षं ही पूर्वा आली नव्हती म्हणून सासू कृष्णाबाई वाटेला डोळे लावून बसलेली. तिनं फोनवर दहा वेळा बजावलं, "गोळी घे गो. तुझा काय भरवसा नाय, नेमकी त्याच दिवशी बसशील बाजूला."

अपेक्षानं घेतली. आपल्याला कधी यायची तेच ठाऊक नाही, म्हणून चांगली दहा-बारा दिवस आधीपासून चालू केली. मेडिकलमध्ये पाचसहा गिऱ्हाईकं उभी होती, तेव्हा तिनं आवाज खाली घेऊन सांगितलं, "गौरीसाठी गोळी पायजे." त्यानं जास्त काही न विचारता पाकीट कागदात गुंडाळून दिलं आणि सोडल्यावर पाळी कधी येईल तेवढं हळूच सांगितलं. घरी येऊन तिनं गणेशला सांगितलं, "गोळी चालू केली हाय मी."

"व्हय? मग आता पाकीट नको?"

"कशाला? गोळी चालू हाय ना."

झालं! दोन शहाणी माणसं, एक पोलीस व्हायला निघालेली, दुसरा कंपनीत मीटर वाचून केमिकलचं प्रमाण सांभाळणारा. पण गोळी म्हटल्यावर दोघांनाही गोळी ती गोळीच वाटली. पाळीच येणार नाही तर मूल कुठून येईल, असा अपेक्षाचा बिनतोड हिशेब होता. ऑगस्टचे ते दिवस मोठे सुखाचे गेले. ओवसाही देखणा झाला. सासूनं मायेनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या सुनंचा ओवसा झाला गो बाय!"

आणि आज दहा तारीख.

त्या सकाळी गणेश रात्रपाळी करून आला तेव्हा अपेक्षा भिंतीवरच्या शिफ्टच्या तक्त्यापुढे उभी होती. कंपनीचा कागद, महिन्याचे चौकोन, प्रत्येकात पहिली, दुसरी, रात्रपाळी. त्यांच्या संसारातला एकांत त्या चौकोनांच्या मधल्या फटीत बसायचा, त्यामुळे तारीख शोधायला डायरी लागत नव्हती.

"तीन तारीख," ती म्हणाली. "गावावरनं आलो त्या दुपारी. चारपासून तुझी रात्रपाळी."

"काय तीन तारीख?"

"शेवटची." ती वळली. "पाळी आली नाय अजून, गणेश."

गणेशनं डबा खाली ठेवला. "पण काल तर तू टेस्ट केलीस. एक रेषा आली म्हणून नाचलीस की."

"मग पाळी का येत नाय?"

"मला काय ठाऊक? तूच म्हणालीस गोळी चालू हाय."

"म्हणाले! नि तू विचारलंस का, कुठली?"

हे तोंडातून निघून गेलं आणि अपेक्षाच ओशाळली. कारण तिनं स्वतःला तरी कुठं विचारलं होतं? गणेश रात्रभर जागा होता, डोळे लाल झालेले, आणि ती घामानं भिजलेली. शेवटी तोच म्हणाला, "दवाखान्यात जा. मी येऊ का?"

"तू झोप," ती तुसडेपणानं म्हणाली, आणि दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथं लतिका सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, आवाज असा की बाहेरच्या बाकड्यावरच्या बायका सरळ बसाव्यात. पण दार लावून घेतल्यावर तोच आवाज त्यांनी इतका खाली आणला की अपेक्षाला जरा धीर आला.

"पाळी चुकलीय. पण गोळी चालू होती, सिस्टर."

"कुठली?"

"ती... गोळी. गौरीची."

सिस्टरांनी चष्मा खाली ओढला. "दाखव."

अपेक्षानं पर्समधून रिकामं पाकीट काढलं. सिस्टरांनी ते टेबलावर ठेवलं, ड्रॉवर उघडला आणि त्याच्या शेजारी आणखी दोन पाकिटं मांडली.

"या तिघी बहिणी नाहीत, अपेक्षा. एका आळीतल्यासुद्धा नाहीत. ही तुझी गोळी पाळी पुढे ढकलते. तेवढंच तिचं काम. मूल राहू नये म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. ही दुसरी, रोज एक घ्यायची, चुकवायची नाही. ती मूल राहू देत नाही. आणि ही तिसरी, गफलत झाली तर नंतर घ्यायची. बाहत्तर तासांच्या आत. जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांच्या आत आली असतीस तर तांबी बसवूनसुद्धा काम झालं असतं."

"आज आठवा दिवस हाय," अपेक्षा म्हणाली.

"हो ना."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. बारावी झालेली, कायद्याची कलमं तोंडपाठ असलेली बाई, आणि आपल्याच अंगाचं काही ठाऊक नाही! "पण पाळीच आली नाही, तर मूल कसं राहील?" तिनं विचारलं.

"उलटं आहे ते. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी ही मागाहून येणारी बातमी. तुझी पाळी कधी पस्तिसाव्या दिवशी येते, कधी साठाव्या. बीज कधी सुटलं ते तुला पाळी आल्यावर कळणार, तेव्हा कळून उपयोग काय? आणि कधी सुटतच नाही, पण कधी सुटणार नाही तेही कुणाला आधी कळत नाही."

"आमची वहिनी म्हणते, पाळीच्या आधीचे आठ दिवस भीती नसते."

"तुझी पुढची पाळी कधी?"

"काय सांगणार?"

"मग तिच्या आधीचे आठ दिवस कुठून मोजायला लागशील?"

अपेक्षा मनात तारखा मोजायला गेली, पण सुरुवातच सापडेना. खरंच की! रोह्याची गाडी कधी सुटणार ते माहीत नसताना तिच्या आधी आठ मिनिटं फलाटावर कसं पोचायचं? वर्षभर ती नसलेल्या तारखेच्या आधीचे दिवस मोजत होती. काही घडलं नाही ते निव्वळ नशीब. तिला एकदम इतकं हसू आलं, आणि हसता हसता रडू, की सिस्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"टेस्ट केलीस?"

"परवा. एक रेषा आली."

"सहाव्या दिवशी! अगं, एवढ्यात ती काय दाखवणार? शेवटचा संबंध कधी?"

"तीन तारीख. त्यांच्या शिफ्टवरनं सांगते."

सिस्टरांच्या तोंडावर हसू येऊन गेलं. त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि चोवीसवर गोल केला. "तीन अधिक एकवीस. चोवीसच्या सकाळी किंवा त्यानंतर कर. तेव्हा एक रेषा आली तर एकच. मधे रक्त दिसलं तरी कर, नुसत्या त्यावर जाऊ नकोस."

चोवीस. आणि पंचवीसला अलिबाग.

"धावू का मी?"

"धाव की. इतक्या लवकर धावून काही बिघडत नाही. धावून पडतं म्हणतात, तसंही काही नसतं. चक्कर आली, पोटात दुखलं तर मात्र थांबायचं आणि इकडे यायचं."

"आणि दोन रेषा आल्या तर?"

"तर माझ्याकडे ये, उशीर करू नकोस. ठेवायचं असेल तर त्याची वाट आहे, नसेल तर कायद्यानं त्याचीही आहे. ठरवायचं तू. नवरा नाही, सासू नाही, मीसुद्धा नाही." मग त्यांनी ड्रॉवरमधून निरोधची पाकिटं काढून तिच्या पर्समध्ये कोंबली. "तोवर हे. आणि पाळी का लहरते तेही बघू, रक्त तपासून घेऊ. ती लहरी आहे म्हणून आपण अंदाजानं चालायचं नाही."

घरी आल्यावर तिनं गणेशला सगळं सांगितलं. तो खाटेवर बसून ऐकत होता, मान खाली. शेवटी म्हणाला, "कंपनीत एका व्हॉल्व्हला दोन नावं असली ना, तर साहेब बोंब मारतो. इथं तीन गोळ्यांना एकच नाव, नि मी विचारलं पण नाय." मग तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "चूक माझी पण हाय, अपेक्षा." तिला वाटलं होतं, आपण त्याच्यावर खेकसू. उलट तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

पण बसून थोडंच भागतं! पुढचे दिवस म्हणजे नुसती तगमग. सकाळी उठल्या उठल्या बाथरूममध्ये बघायचं, काही नाही. मैदानावर पोटात कळ आली की आशा, काही नाही. छाती जड वाटते का? वाटते. कालपासून की गौरीपासून? आठवत नाही. मळमळतंय का? हो, पण ते रिकाम्या पोटी धावल्यानं असेल. गोळाफेकीत गोळा दोनदा हातातून निसटला, तर शिकवणारे सर म्हणाले, "लक्ष कुठं आहे तुझं?" काय सांगणार बिचारी! ऋतुजानंही चार वेळा विचारलं, पण तिलाही अपेक्षानं काहीच सांगितलं नाही. ऋतुजाचं लग्न मेमध्ये झालेलं, रोज बरोबर धावणारी, एका बाटलीतलं पाणी पिणारी मैत्रीण. तरी लाज वाटली. या गोष्टी बोलायच्या नसतात हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं.

अठराला सकाळच्या गाडीनं कृष्णाबाई आली. पिशवीत नाचणीचं पीठ, दोन काकड्या आणि गावचे तांदूळ. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"ओवशाची गोळी सोडलीस, मग आली का?"

"नाय," अपेक्षाच्या तोंडून निघून गेलं.

कृष्णाबाईचा चेहरा असा फुलला की बघवेना. "गौर पावली गो बाय! पहिल्याच ओवशाला पावली! आता धावणं-बिवणं बंद हां. गोळाबिळा उचलायचा नाय. गणेश, तू सांग तिला."

गणेशनं तोंड उघडायच्या आत अपेक्षाच बोलली, आणि एवढ्या जोरात बोलली की शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बारीक केला. "मला आत्ता मूल नकोय, आई! मला धावायचंय. दोन वर्षं मी त्याच्यासाठी सकाळची साखरझोप मोडतेय. अजून काय ठरलेलं नाय, टेस्ट व्हायचीय. पण तुमी पेढे वाटायला लागू नका."

अपेक्षाला वाटलं, संपलं. आता ही गावभर करणार. कृष्णाबाई पिशवीचे बंद सोडत आणि बांधत बसली होती. मग तिनं गणेशकडे बोट केलं.

"हा बी असाच आला."

"म्हणजे?" गणेश म्हणाला.

"तुझा मोठा भाव अंगावर पीत व्हता. वरचं बी खायला लागला व्हता, पाळी काय चालू झाली नव्हती. मी म्हटलं, पाळीच नाय तर कसली भीती! अंगणवाडीत मदतनीस म्हणून माझं नाव लागलेलं. ठमाबाय नि मी, दोघींचं. पोट दिसाया लागलं. ठमाबाय गेली कामाला, मी ऱ्हायले घरी. तिला आता सगळा गाव बाई बाई करतो." मग एकदम गणेशकडे वळून म्हणाली, "तू चांगला हायेस रे. तुझं काय नाय त्यात. पण मला कुनी सांगितलं नव्हतं."

गणेश उठला आणि आईच्या पायाशी जाऊन बसला.

"परवा गावात गौरीच्या कोनाड्याम्होरं दिवा लावीन," कृष्णाबाई सुनेला म्हणाली. "काय सांगू तिला? दे म्हणून सांगू का नको म्हणून?"

"आत्ता नको म्हणून," अपेक्षा म्हणाली.

"बरं," कृष्णाबाई म्हणाली. "नाचणी खा. पायात बळ येतं."

चोवीस तारीख उजाडली तेव्हा टेस्टचं पाकीट साखरेच्या डब्यामागे होतं आणि गणेश त्या डब्याकडे बघत बसला होता. "आज चोवीस," तो म्हणाला.

"ठाऊक हाय."

"मग कर ना. माझा जीव वरखाली होतोय."

"माझा नाय होत? पण आज दोन रेषा आल्या, तर उद्या माझे पाय उचलणार नायत. तिथं लाइनवर मी धावायचं सोडून हाच विचार करत उभी ऱ्हाईन. आधी धावते, मग बघते. तेवढं एक तरी माझ्या हातात हाय."

गणेशनं हात जोडले. "तुझ्यापुढे काय बोलणार!"

पंचवीसला अलिबागच्या मैदानावर सकाळी सातलाच उकडत होतं. छातीवर नंबर, पायाला वेळ मोजणारी चिप, आणि लाइनवर वीस पोरी. ऋतुजा तिच्या उजव्या हाताला. अपेक्षाच्या ट्रॅकपँटच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं ते पाकीट होतं. शिट्टी झाली.

पहिली फेरी तिनं दमानंच घेतली. वळणावर डोकं पुन्हा तारखांकडे निघालं, तीन, दहा, चोवीस. तिनं त्याला ओढून आणलं. पुढची पाठ. नंबर अकरा. ती गाठ. पुढची पाठ. नंबर चार. दुसऱ्या फेरीत छातीत आग पेटली, पोटऱ्या दगड झाल्या, आणि एका क्षणी तिला स्वच्छ जाणवलं की हे अंग तिचं आहे, आत काहीही असो, धावतंय ते तिच्या सांगण्यानं. शेवटच्या सरळ पट्टीत ती दात आवळून सुटली. लाइन ओलांडून गवतावर पालथी पडली, तेव्हा कोणीतरी वेळ वाचली. मागच्या भरतीपेक्षा नऊ सेकंद कमी! मग शंभर मीटर झाले, गोळाही झाला, आणि गोळा एकदासुद्धा हातातून निसटला नाही.

सगळं आटोपल्यावर ती बायकांच्या संडासात गेली आणि कडी लावली. बरोबर आणलेला प्लॅस्टिकचा कप, ती पट्टी, तीन थेंब. पाच मिनिटं थांबायचं. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं, "अगं, आटप ना!" पहिली रेषा लगेच उमटली. दुसरीच्या जागेकडे ती डोळे फाडून बघत राहिली. दोन मिनिटं. तीन. दार पुन्हा वाजलं. पाच. पांढरं ते पांढरंच राहिलं.

ती भिंतीला टेकली आणि ओक्साबोक्शी रडली. आनंदानं की थकव्यानं, तिलाही कळलं नाही.

गणेश फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता. तिनं लांबूनच एक बोट वर केलं. तो टाळ्या पिटत ओरडला, "पहिली आलीस?"

"अरे येड्या, एक! एकच!"

तेव्हा कुठं त्याला कळलं. त्यानं गाडीच्या सीटवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. मग म्हणाला, "उद्या सिस्टरांकडे जाऊ, मग पाळी का आली नाय ते पण बघून घेऊ. मी पण येणार. रोजची गोळी का तांबी ते तू ठरव, मी नीट ऐकून घेणार."

अपेक्षा हसत फाटकाजवळच्या झाडाखाली येऊन बसली. ऋतुजा तिथंच केळं सोलत होती. तिचंही धावणं बरं झालं होतं. "काय गो, रडलीस काय? डोळे सुजलेत."

"मग सांगते. खूप सांगायचंय तुला."

"सांग सांग. मी तर आज निवांत हाय. भरती झाली, आता नवरात्र. घरी घट बसलेत, सासूबाईंनी पयल्या माळेपासून सगळं माझ्यावरच टाकलंय. पण मला काय टेन्शन नाय." ऋतुजा जवळ सरकली, इकडेतिकडे बघितलं आणि डोळा मारून हळूच म्हणाली, "गोळी चालू हाय ना. आमच्या यांना पण सांगून टाकलं, आता नवरात्रभर पाकीट नको."

अपेक्षानं हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"कुठली?"

"कुठली म्हणजे? गोळी गो. देवीसाठी घेतात ती."

"नि शेवटचं कधी? लाजू नको, सांग."

"अगो, काय हे! परवा," ऋतुजा लाल होऊन म्हणाली. "परवा दुपारी. का?"

अपेक्षानं बोटांवर मोजलं. परवा दुपार, काल दुपार, आज दुपार अजून व्हायची. बाहत्तरातले अठ्ठेचाळीस तास पण झाले नाहीत. तिचे पाय धावून धावून लटपटत होते, तरी ती उठली, ऋतुजाचं मनगट पकडलं आणि गणेशला गाडी चालू करायला ओरडून सांगितलं.

"ऊठ गो," ती म्हणाली. "केळं वाटेत खा. तुला अजून वेळ हाय."